वहिनीच्या हातचा चटका

पहिला चटका बसला तेव्हा मी घरातच होते. माजघरातल्या कॉटवर पाय वर घेऊन कॉलेजचं जर्नल लिहीत होते. स्वयंपाकघरातून आई एकदम ओरडली, तांब्या खणकन खाली पडला आणि पाणी वाहत उंबऱ्यापर्यंत आलं. मी धावत गेले. कोपऱ्यात कमरेएवढ्या भिंतीआड आमची मोरी होती. आई तिथं ओल्या फरशीवर उजवा हात डाव्या हातात धरून उभी होती. समोर नवी वहिनी, पदर सावरत, भिंतीला टेकलेली.

"काय झालं?"

"हिनं मला काय तरी टोचलं," आई म्हणाली.

वहिनीनं दोन्ही तळवे उघडून दाखवले. हातात काही नव्हतं. आईनं ते तळवे उलटेसुलटे करून बघितले नाहीत, याचं मला नवल वाटलं. एरवी तिनं बांगड्यांच्या आतसुद्धा बघितलं असतं.

सत्तरीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही मंगळवार पेठेत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. दादा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लागला होता आणि मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. दादाचं लग्न होऊन दीड-दोन महिने झाले होते. वहिनी कबनूरची. तिच्या वडिलांचे थोडे यंत्रमाग होते, त्यांच्या खडखडाटातच ती वाढलेली. त्यामुळं ती मोठ्यानं बोलायची आणि आई तिला सारखी "हळू बोल, भैरी न्हाई मी" म्हणायची. लग्नात तिनं टेरिलीनच्या चार साड्या आणल्या होत्या. आमच्या बोळात तेव्हा टेरिलीन नवीन होतं. धुतलं की तासाभरात वाळायचं, इस्त्री नको. आई त्या साड्यांकडं बघायची ती बाजारात भाव पाडून मागताना बघतात तसं.

आई मूळची नेसरीकडची. कष्टाळू, स्वच्छ, हाताला चव असलेली आणि कमालीची संशयी. दूधवाला पाणी कुठल्या वळणावर घालतो हे तिला ठाऊक होतं असं ती म्हणायची. शेजारीण हसली तर का हसली, नाही हसली तर का नाही, दोन्हीचा ती विचार करायची. वहिनी आल्यापासून तिला एक कायमचं काम मिळालं. सुनेनं माहेरी पत्र टाकलं तर त्यात काय लिहिलं असेल? ती गप्प बसली तर पोटात काय असेल? आम्हाला त्याची सवय होती. मला तर ते ऐकू येणंही बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. सकाळी आई मोरीत हातपाय धुवायला उभी राहायची आणि वहिनी तिला ऊन पाण्याचा तांब्या द्यायची. आईनं तांब्याला हात लावला आणि झटका बसला. तिसऱ्या दिवशी झालं नाही. चौथ्या दिवशी इतकं जोरात झालं की वहिनीच्या तोंडूनही "आई गं" निघालं.

आईनं विचारपूस सुरू केली.

"तुला बसतो का चटका?" तिनं मला विचारलं.

"नाही."

"तुला?" दादाला.

दादा हसला. "मला कशाला बसंल?"

"ह्यांना तर ती हातात काय देतच न्हाई, स्टुलावर ठेवती. म्हंजी मलाच. सगळ्या घरात मलाच का?"

हा प्रश्न चांगला होता. आज इतक्या वर्षांनी म्हणते, सगळ्या प्रकरणात तोच एक खरा शास्त्रीय प्रश्न होता, आणि तो माझ्या आईनं विचारला, मी नाही. माझ्या मनात वेगळंच होतं. वहिनी मुद्दाम काहीतरी करते आहे असं मला वाटू लागलं होतं. कारण एक गोष्ट माझ्या नजरेला आली होती. ती मला चहा द्यायला यायची तेव्हा आधी मोरीतल्या नळाला हात लावायची. पाणी सोडायची नाही, नुसती बोटं टेकवायची. आईला तांब्या देताना मात्र ती नळाकडं जायची नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही, पण तिच्या हातांवर लक्ष ठेवू लागले. मी माझ्या आईची मुलगी होते.

शेजारच्या एका बाईनं निकाल देऊन टाकला. "पोरीच्या अंगात काय तरी हाय. वाडीला नेऊन आणा. दत्ताच्या दारात काय असंल ते भाईर येतंय."

दोन दिवसांनी आई, वहिनी आणि मी एस. टी.नं नृसिंहवाडीला गेलो. आईनं वहिनीला तिथं सुती लुगडं नेसायला लावलं. नदीत आंघोळ, ओलेत्यानं प्रदक्षिणा, पादुकांवर डोकं, सगळं झालं. प्रदक्षिणा घालताना आईनं वहिनीला दंडाला धरून चालवलं. वहिनीचे डोळे भरून आले होते, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, भक्तीनं आलं असेल. दिवसभरात आईनं तिच्या हातून पाणी घेतलं, पेढे घेतले, पिशवी घेतली. एकदाही चटका बसला नाही.

"बघितलंस?" परतीच्या एस. टी.त आई मला हळूच म्हणाली. "होतं म्हणूनच गेलं."

परतल्यावर तिसऱ्या सकाळी तांब्या पुन्हा खाली पडला.

आता घरातलं वातावरण बिघडलं. आई वहिनीच्या हातून काही घेईना. ती तिच्यापासून चार हात लांब राहायची, वाटेत आली तर भिंतीला चिकटून जायची. कबनूरला निरोप धाडून पोरीला घेऊन जायला सांगा, असं ती अण्णांना रोज म्हणू लागली. अण्णा वर्तमानपत्रातून डोकं काढायचे नाहीत. दादा उशिरा घरी येऊ लागला. आणि वहिनी? मला आश्चर्य वाटायचं ते याचं, की एवढं सगळं होऊनही ती दुःखी दिसत नव्हती. उलट भाकरी थापताना हळू आवाजात काहीतरी गुणगुणायची. तेही मला खटकायचं.

त्याच आठवड्यात कॉलेजात आमच्या सरांनी स्थिर विद्युत शिकवायला घेतलं. त्यांनी एबोनाइटची काळी कांडी मांजराच्या कातड्यावर घासली आणि रेशमाच्या दोऱ्याला टांगलेल्या भेंडाच्या गोळीजवळ नेली. गोळी कांडीकडं ओढली गेली, तिला चिकटली आणि लगेच दूर पळाली. मग कांडी जवळ न्यावी तशी ती आणखी लांब जाऊ लागली.

"आधी ओढली, आता का पळते?" सरांनी विचारलं. "कारण शिवल्याबरोबर कांडीचाच भार तिला मिळाला. सारख्या भारांचं एकमेकांशी पटत नाही." मग त्यांनी फळ्यावर एक गोल काढून त्यातून चारी बाजूंना बाण काढले. "भार असला की त्याच्याभोवती क्षेत्र असतं. डोळ्यांना दिसत नाही. दुसरा भार तिथं नेऊन ठेवा, तो हलला की समजा क्षेत्र आहे. अंतर निम्मं केलं की जोर चौपट." शेवटी त्यांनी कांडी खाली ठेवून पितळेचा दांडा हातात घेतला, तसाच घासला. गोळी ढिम्म. "पितळेवर भार नाही आला का? आला. पण माझ्या हातातून, पायातून जमिनीत निघून गेला. आता मी लाकडाच्या नाहीतर रबराच्या पाटावर उभा राहिलो असतो तर?"

रबर म्हटल्यावर मी वही मिटली.

वहिनीच्या टाचांना भेगा होत्या. थंडीत शहाबादी फरशी सोसत नाही म्हणून दादानं तिला आणि स्वतःला रबरी स्लीपर आणल्या होत्या. घरात पायताण घालण्यावरून आई रोज कुरकुरायची. सकाळी वहिनी घोंगडीवर बसून भाजी निवडायची, टेरिलीनची साडी लोकरीवर घासायची, मग उठून स्लीपर पायांत सरकवून तांब्या भरायची. अंगावर आलेल्या भाराला जमिनीत जायला वाट नव्हती. आणि आई अनवाणी, ओल्या फरशीवर, ओल्या पायांनी उभी. तिच्याइतकी चांगली वाट घरात दुसरी कुणाचीच नव्हती. दादाच्या पायांत स्लीपर, मी कॉटवर पाय वर घेतलेली, अण्णांना हातात काही द्यायचंच नाही. वाडीला सुती लुगडं, उघडे पाय, ओलं अंग. सगळं कसं जागच्या जागी बसलं! मी तो तास संपेपर्यंत कशीबशी बसले.

घरी आले तर वहिनीची साडी परसात दोरीवर वाळून तयार होती. मी तिची घडी घोंगडीवर दहा-बारा वेळा घासली आणि हात जवळ नेला. हात लागायच्या आधीच मनगटावरची लव उभी राहिली आणि साडीचा काठ उडून माझ्या हाताला चिकटला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सगळे घरी होते. मी वहिनीची साडी नेसले, तिच्या स्लीपर घातल्या, घोंगडीवर बसून मागंपुढं घासले आणि तांब्या घेऊन आईसमोर उभी राहिले.

"घे."

"तुज्याकडनं घ्यायला काय!" आईनं हात पुढं केला आणि किंचाळून मागं घेतला.

मग मी स्लीपर काढल्या, अनवाणी उभी राहिले. "आता घे."

ती घेईना. दादानं समजूत काढली. तिनं एक बोट लावलं, मग दोन, मग तांब्या धरला. काही झालं नाही. मी तिला कंगव्याला चिकटणारे कागदाचे कपटे दाखवले, सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं, एवढंच मला दिसत होतं. वहिनी चुलीजवळ पाठमोरी बसली होती. ती काय करते आहे याकडं माझं लक्ष नव्हतं.

आईनं तांब्या खाली ठेवून पुन्हा एकदा स्लीपरकडं बघितलं. "म्हंजी तिच्या अंगात काय न्हाई?"

"काही नाही."

"सुती नेसली, पायताण काढलं, की झालं?"

"झालं."

त्याच दुपारी स्लीपर माळ्यावर गेल्या आणि टेरिलीनच्या साड्या ट्रंकेत. कबनूरला निरोप धाडायची भाषा थांबली. मी वर्गात हे सगळं सांगितलं, सरांनी सगळ्यांना ऐकायला लावलं. आठ-दहा दिवस मी जमिनीवर नव्हतेच. वहिनी आता गुणगुणत नव्हती, हे मला कळलं, पण त्याचं कारण मी तिच्या टाचांत शोधलं आणि तिला व्हॅसलिन आणून दिलं.

एके दिवशी सकाळचं प्रॅक्टिकल रद्द झालं आणि मी लवकर परतले. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात शिरले तेव्हा दोघी मोरीत होत्या, त्यांची पाठ माझ्याकडं. वहिनीच्या हातात तांब्या होता. आईनं तांब्या घेतला नाही. तिनं वहिनीच्या दंडाची आतली बाजू चिमटीत धरली होती आणि ती हळूहळू पिळत होती. ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती. एखादं ओलं कापड पिळावं तसं, शांतपणे. वहिनी तांब्या सांडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून उभी होती.

मी मागच्या मागं परतले, बोळात गेले आणि तिथून मोठ्यानं हाक मारत पुन्हा घरात आले.

दुपारी आई शेजारी गेली तेव्हा मी वहिनीला विचारलं. तिनं आधी "काय न्हाई" म्हटलं. मी तिचा दंड धरला, तशी तिनं हात झटकला. मग पोलक्याची बाही वर सरकवली. जिथं कुणाला दिसणार नाही तिथं, काखेजवळ, जुने पिवळे आणि नवे निळे डाग होते.

"कधीपासून?"

"आलं तवापास्नं. भाकरी करपली, पत्र आलं, जोरात हसलं... काय बी. मोरीतच. तिथं कुणाला दिसत न्हाई."

"आणि चटका?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी किती ऐकण्याच्या लायकीची आहे हे ती जोखत असावी.

"वन्सं, आमच्या शेडात एकदा टेरिलीनचं सूत लावून बघितलतं. थंडीत ते असंच चावायचं. कामगार आदी मागाच्या लोखंडाला हात लावायचे, मग सुताला. मला लहानपणापास्नं ठाऊक हाय. पयला चटका चुकून बसला. पन त्या दिवशी आत्याबाईंनी हात मागं घेतला. त्यांचा हात मागं गेलेला मी पयल्यांदा बघितला."

"म्हणून मला चहा देताना नळाला..."

"तुमाला कशाला देऊ चटका? तुमी काय केलतं माजं?" ती म्हणाली. "मलाबी बसतोच की तो. पन कवा बसणार ते मला ठाऊक असतंय. चिमटा कवा बसणार ते ठाऊक नसतंय."

मला वाडीतली प्रदक्षिणा आठवली. दंडाला धरलेला आईचा हात, भरून आलेले डोळे. मी शेजारी चालत होते.

"स्लीपर खाली काढते," मी म्हणाले. "पुन्हा घाला."

"आता काय उपेग? आता त्यांना कळलंय की. तुमीच सांगितलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी त्या संध्याकाळी दादाला गाठलं. त्यानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच चोर. "आईबद्दल बोलतीयस तू. तुला कुणी भरवलंय हे?" मग, "तुझा काहीतरी गैरसमज झालाय." आणि तो सायकल घेऊन बाहेर गेला. मी वहिनीला, दादाला डाग दाखवा म्हटलं. ती म्हणाली, "त्यांनी बघितल्यात."

त्यानंतरच्या दोन रात्री आणि दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, अण्णा पान लावत बसले होते, आई खरकटं काढत होती, तेव्हा मी उभी राहूनच म्हणाले, "अण्णा, आई वहिनीला चिमटे काढते. मोरीत. मी डोळ्यांनी बघितलंय."

आई ताट हातात घेऊन थांबली. ती माझ्याकडं नाही, अण्णांकडं बघत होती.

अण्णांनी पान खाली ठेवलं आणि तिला एकच शब्द विचारला, "परत?"

दादानं चमकून वर बघितलं. मीही. मग मला माझी काकू आठवली, अण्णांच्या धाकट्या भावाची बायको. मी पाच-सहा वर्षांची असताना ती आमच्याबरोबर राहायची आणि एक दिवस काका तिला घेऊन सांगलीला निघून गेले. भाऊ-भाऊ शेतीवरून भांडले असं आम्हाला सांगितलेलं होतं. मी बारा वर्षं तेच खरं मानत आले होते. अण्णांना सगळं ठाऊक होतं. वर्तमानपत्रामागं बसून ते तेव्हाही ऐकत होते आणि आताही. त्या रात्री माझा आईवरचा जेवढा विश्वास उडाला, तेवढाच अण्णांवरचा उडाला.

"माजीच पोरगी," आई म्हणाली. "हिला तिनं फितवलं."

"गप्प बैस," अण्णा म्हणाले. मग दादाकडं वळले. "उद्यमनगराच्या बाजूला खोली बघ. मी पाठीशी हाय."

महिन्याभरात दादा आणि वहिनी निघून गेले. सामान हातगाडीवर चढवताना आई परसात कपडे वाळत घालत होती, ती पुढच्या दाराशी आली नाही. वहिनी मात्र आत जाऊन तिच्या पाया पडून आली. आईनं काय म्हटलं, की काहीच नाही म्हटलं, हे मी विचारलं नाही.

पुढं मी शिक्षिका झाले, लग्न झालं, शहरातच राहिले. आईनं मला तोडलं नाही. पण माझ्याशी बोलताना ती शब्द जपून वापरायला लागली. घरातली एखादी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायची आणि म्हणायची, "जाऊ दे, तू जाऊन सांगशील." शेवटपर्यंत तिची एकच समजूत होती: माझ्यावर वहिनीनं काहीतरी केलं होतं. चटक्याचं कारण तिला पटलं होतं, माझं कारण कधीच पटलं नाही.

वहिनीशी माझं चांगलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. वेगळं बिऱ्हाड केल्यावर दोन वर्षांनी तिला दिवस गेले ते मला पाचव्या महिन्यात कळलं, तेही बाजारात भेटलेल्या त्या शेजारच्या बाईकडून. मी तडक तिच्या खोलीवर गेले. ती दारात शेंगा फोडत बसली होती, पोट दिसत होतं.

"मला का नाही सांगितलं?"

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि मला बसायला जागा केली. माझ्या नजरेला नजर देऊन, मोठ्यानं, कबनूरच्या शेडात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "रागावू नका वन्सं. पन तुमाला काय बी कळलं की तुमी ते सगळ्यांम्होरं सिद्ध करून दाखवताय. म्हटलं, जरा पक्कं हू दे."

तिनं मूठभर शेंगा माझ्या पदरात टाकल्या, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी त्या फोडत बसलो.